शिकलेले, शिकवलेले

(मोरगाव येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर शिकवण्याचे काम केले. म्हणून संस्कृती हा विषय मला सुचवला गेला तेव्हा मी ठरवले की तो शिकण्या-शिकवण्याच्या बाजूने मांडायचा, आणि उदाहरणे होता होईल तो याच मातीतली घ्यायची. कऱ्हाकाठ, बारामती-इंदापूर आणि फार तर जेजुरी-चिंचवड. याच्या बाहेर मी गरज पडेल तेव्हाच जाईन.

संस्कृती म्हणजे काय, याची उत्तरे पुष्कळ आहेत. एडवर्ड टायलर या इंग्रज अभ्यासकाने १८७१ साली दिलेली व्याख्या आजही पाठ्यपुस्तकांत असते. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि माणूस समाजात राहून जे जे काही शिकतो ते सगळे मिळून संस्कृती, असा तिचा आशय. पुढे १९५२ मध्ये क्रोबर आणि क्लकहोन या दोन अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांनी तोवरच्या व्याख्या गोळा केल्या, त्या १६४ भरल्या. आपल्याकडे साने गुरुजींनी 'भारतीय संस्कृती' लिहिले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी 'वैदिक संस्कृतीचा विकास' लिहिला, इरावती कर्व्यांनी 'मराठी लोकांची संस्कृती' लिहिली. तिघांची दृष्टी वेगळी, तिघांचा विषय एकच. मला टायलरच्या व्याख्येतला एकच शब्द आज पुरेसा आहे, 'शिकतो'. भूक कुणी शिकवत नाही. पण भाकरी थापायला शिकवावी लागते. रडू आपोआप येते. पण मयताच्या घरी जाऊन कसे बसायचे, काय बोलायचे नाही, हे मोठ्यांकडे पाहून कळते. जे रक्तातून येत नाही, दुसऱ्या माणसाकडून घ्यावे लागते आणि तिसऱ्याला द्यावे लागते, ते सगळे संस्कृतीत मोडते. एवढे धरून आपण कऱ्हेच्या काठावर जाऊ.

मोरगाव म्हटले की मयूरेश्वर. पण पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना या गावाचे नाव आणखी एका कारणासाठी ठाऊक आहे. इथे कऱ्हेच्या जुन्या गाळात, नदीने कापलेल्या दरडींमध्ये, आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली. डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा, सुषमा देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला, उत्खनन केले. त्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थरही आहे. ही राख आपल्या सह्याद्रीची नाही. ती दूर सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून वाऱ्याबरोबर आली. टोबाचे उद्रेक एकाहून अधिक वेळा झाले, म्हणून ही राख कोणत्या उद्रेकाची, याबद्दल तज्ज्ञांत वाद आहे. मात्र हत्यारे ज्या गाळात आहेत त्याचा चुंबकीय कल आजच्या उलट आहे. पृथ्वीचे चुंबकत्व शेवटचे उलटले त्याला सुमारे ७ लाख ८० हजार वर्षे झाली. त्यावरून हा गाळ आणि त्यातली हत्यारे त्याहून जुनी असावीत, असा निष्कर्ष काढला गेला आहे.

हे हत्यार कसे असते ते सांगतो, कारण माझ्या आजच्या सांगण्याचा पाया तोच आहे. आपल्या काळ्या बेसाल्ट दगडाचा मोठा धोंडा घ्यायचा, त्याच्यावर दुसऱ्या दगडाने नेमका घाव घालून मोठा छिलका काढायचा, मग त्या छिलक्याच्या दोन्ही बाजूंनी कपचे उडवत त्याला पानासारखा, बदामासारखा आकार द्यायचा. याला हातकुऱ्हाड म्हणतात. काम सोपे नाही. आज अभ्यासक स्वतः दगड फोडून ते शिकतात तेव्हा त्यांना कितीतरी दिवस लागतात, बोटे सोलवटतात. धोंडा कोणता निवडायचा, घाव कोणत्या कोनात बसला पाहिजे, कुठे थांबायचे, हे आपोआप सुचत नाही. कुणीतरी करताना पाहावे लागते. हात धरून दाखवणारा असेल तर फार बरे. म्हणजे भाषा आपल्यासारखी असो वा नसो, लेखन तर नव्हतेच, पण कऱ्हेच्या काठावर तेव्हा कुणीतरी शिकवत होते आणि कुणीतरी शिकत होते. या गावातल्या शाळेची सुरुवात तिथून मोजावी, असे मला मनापासून वाटते.

आता या हातकुऱ्हाडीची दुसरी बाजू. आफ्रिकेत ती साडेसतरा लाख वर्षांपूर्वी दिसते. तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला ती सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीची आहे. त्यानंतर दहा लाखांहून अधिक वर्षे तिचा मूळ घाट तोच राहिला. सफाई वाढली, कडा पातळ झाल्या. पण ओळखू येऊ नये इतका बदल झाला नाही. पन्नास हजार पिढ्या एकच वस्तू बनवत राहिल्या. त्यांना बुद्धी कमी होती एवढ्यावर मी हे सोडून देणार नाही. शिकवणे फक्त डोळ्यांपुढे, हाताशी, दहा-वीस माणसांच्या टोळीत होत असेल, तर नवी युक्ती ज्याला सुचली त्याच्याबरोबरच ती मरते. बदल घडायला माणसे भेटावी लागतात, वाटा एकमेकींना छेदाव्या लागतात. इतिहासात संस्कृती जिथे जिथे वेगाने बदलली तिथे तिथे आधी वाटा वाढलेल्या दिसतात. हे लक्षात ठेवा, पुढे मी एसटीबद्दल बोलणार आहे.

त्यापूर्वी थोडे इनामगावबद्दल. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी हे गाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे अनेक वर्षे उत्खनन केले, ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यातली मोठी नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. भरभराटीच्या दिवसांत त्यांची घरे ऐसपैस चौकोनी होती, पाणी वळवायला पाट होता, सुबक रंगवलेली मडकी होती. पुढे, इसवी सनापूर्वी हजाराच्या सुमारास, चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. मडकी ओबडधोबड झाली. शेतीचा भरवसा कमी झाला, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांच्यावर भार वाढला. ढवळीकरांनी याचे कारण कोरड्या होत गेलेल्या हवामानात शोधले. बारामतीच्या जिरायती भागातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

मला त्यातली वेगळीच गोष्ट अस्वस्थ करते. तिथे लहान मूल गेले तर दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत, त्यात त्याला घालून घराच्याच जमिनीखाली पुरत. घर चौकोनी होते तेव्हा ही रीत होती, आणि घर गोल झाले, माणसे गरीब झाली, तेव्हाही ती होती. छप्पर बदलले, पोटाचे साधन बदलले. पण गेलेले लेकरू दूर न्यायचे नाही, एवढे त्यांनी सोडले नाही. संस्कृती बदलते म्हणजे सगळी एकदम बदलते असे नाही. काही गोष्टी पावसाबरोबर जातात. काही गोष्टींना माणसे अशी धरून राहतात की तीन हजार वर्षांनी जमीन उकरणाऱ्यालाही त्यांची माया दिसते.

आता देवळाकडे येऊ. मयूरेश्वराचे देऊळ लांबून पाहणाऱ्याला चार कोपऱ्यांवरचे मनोरे दिसतात, पन्नासेक फूट उंच तट दिसतो, आणि अनोळखी माणसाला क्षणभर मशिदीचा भास होतो. याचे कारण गावात लहान मुलालाही पाठ आहे : मुसलमानी अमलात देवळाला धक्का लागू नये म्हणून मुद्दाम तसे बांधले. हे कारण मी खोटे ठरवायला आलेलो नाही. मात्र ते एवढ्या सहज पुरे पडते की आपण पुढे विचारच करत नाही, आणि त्यात त्या गवंड्यांवर अन्याय होतो असे मला वाटते. निजामशाही-आदिलशाहीच्या काळात आपल्या मुलखात घुमट, कमान, मनोरा हीच बांधकामाची रूढ बोली होती. वाडे असे बांधले, समाध्या अशा बांधल्या, देवळेही अशी बांधली. ज्या पाथरवटाच्या बापाने आणि आज्याने कमानी उभ्या केल्या, त्याला देवासाठी सर्वांत सुंदर जे येत होते तेच त्याने केले. त्यात लपवाछपवी असेल किंवा नसेल, कौशल्य नक्की होते.

याच मुलखातला आणखी एक दाखला. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांना मुले झाली ती नगरच्या शाह शरीफ या पिराच्या कृपेने, म्हणून एकाचे नाव शहाजी आणि दुसऱ्याचे शरीफजी ठेवले, अशी भोसले घराण्याची परंपरा सांगते. ज्या घराण्याने पुढे स्वराज्य उभे केले त्या घरातली ही नावे. तेव्हाच्या माणसांना त्यात काही विपरीत वाटले नाही. आपल्याला आज ते समजावून सांगावे लागते, याचा अर्थ मधल्या काळात आपण काहीतरी शिकायचे थांबलो.

आणि देवळासमोरचा नंदी! गणपतीपुढे उंदीर असतो, तो इथेही आहे. पण नंदी शंकरापुढे असायचा. तो इथे कसा? गाव सांगते की शंकराच्या एका देवळाकडे ही मूर्ती नेत असताना इथे गाडा मोडला, नंदी पुढे जाईना, म्हणून इथेच राहिला. दैवतशास्त्राच्या पुस्तकात न बसणारी गोष्ट गावाने फेकून दिली नाही. तिला बसायला जागा दिली, आणि ती इथे का, याची एक कथा रचून पुढच्या पिढीच्या हाती दिली. आज नंदीशिवाय मोरगावची कल्पना करता येते का? रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलावरच्या आपल्या ग्रंथाला 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' असे नाव दिले. आपल्या दैवतांच्या पोटात अशा किती वाटा येऊन मिळाल्या आहेत, हे त्यांनी आयुष्यभर दाखवले. मोरगावचा नंदी त्याच घडणीतला आहे.

मोरया गोसावींचा या गावाशी संबंध तुम्हाला मी काय सांगावा. त्यांना कऱ्हेत स्नान करताना मूर्ती मिळाली, ती घेऊन ते चिंचवडला गेले, तिथेच त्यांची समाधी आहे. त्यांच्या वंशातल्या सात पिढ्यांना लोकांनी देवाचे अंश मानले, आणि त्या देव घराण्यावर लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने १९८९ मध्ये एक अख्खे पुस्तक लिहिले. भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून पालखी आजही इथे येते. त्या दिवसांत मुक्तद्वार असते, कुणीही गाभाऱ्यात जाऊन स्वतःच्या हाताने देवाला पाणी घालू शकतो. या मुक्तद्वाराबद्दल मला फार आदर आहे. कारण पंढरपूरला हरिजनांना विठ्ठलाचे दार उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. देऊळ किती जुने, यापेक्षा त्याच्या दारातून कोण आत जाऊ शकते, हा प्रश्न मला नेहमी अधिक मोठा वाटत आला आहे.

आता एसटी. राज्याच्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. या घटनेने आपल्या धर्मजीवनात जेवढा बदल केला तेवढा फार थोड्या ग्रंथांनी केला असेल. अष्टविनायकाची यात्रा घ्या. मोरगावपासून सुरुवात करावी, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव असे करत पुन्हा मोरगावला येऊन सांगता करावी, असा क्रम सांगतात. नकाशावर हा क्रम लावून पाहा : भीमेकाठचे सिद्धटेक झाले की घाट उतरून कोकणात पाली, मग परत वर थेऊर. पायी किंवा बैलगाडीने ही यात्रा कितीजण करत असतील? प्रत्येक गणपतीला स्वतःचे भक्त होते, पंचक्रोशी होती, पेशवाईत या देवस्थानांना मोठा आश्रय मिळाला, थेऊरला तर थोरल्या माधवरावांनी १७७२ मध्ये देह ठेवला. पण मुंबईच्या चाळीतल्या कुटुंबाने दोन दिवसांत आठही गणपती करून यायचे, ही गोष्ट डांबरी रस्ता आणि बस यांच्याशिवाय घडू शकत नव्हती. १९७९ मध्ये 'अष्टविनायक' हा चित्रपट आला आणि त्यातल्या जगदीश खेबुडकरांच्या गाण्याने आठही ठिकाणे घराघरांत पोहोचवली. आज बसवाले रस्त्याच्या सोयीने क्रम लावतात. मोरगावला सुरुवात होते, शेवट बहुधा रांजणगावला होतो आणि गाडी थेट मुंबईला निघते.

काहींना हे कळले की वाईट वाटते. म्हणजे ही यात्रा आपण समजत होतो तशी फार जुनी नाही की काय! ब्रिटिश इतिहासकार हॉब्सबॉम आणि त्यांचे सहकारी रेंजर यांनी १९८३ मध्ये या विषयावर एक ग्रंथ संपादित केला. ज्यांना आपण प्राचीन परंपरा समजतो त्यांतल्या कित्येक शंभर-दोनशे वर्षांत रचल्या गेल्या, हे त्यात दाखवले आहे. मला त्यांचे म्हणणे मोलाचे वाटते, पण रचलेली म्हणजे खोटी असे मी म्हणणार नाही. सार्वजनिक गणेशोत्सव टिळकांनी १८९३ मध्ये उभा केला, म्हणून तो नकली झाला का? आपण आज इथे बसलो आहोत ती व्याख्यानमालेची रीतसुद्धा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेपासून महाराष्ट्रभर पसरली. देहूहून तुकोबांची पालखी त्यांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास सुरू केली, ज्ञानोबांची पालखी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी वेगळी काढली. प्रत्येक गोष्टीला कधीतरी पहिला दिवस होता. तिच्या दुसऱ्या दिवसाला कोण आले, दहाव्या वर्षी कोण आले, आणि आलेल्यांनी ती आपल्या पोरांना शिकवली का, हे मी पाहतो.

तुकोबांची पालखी बारामती-इंदापूरमधून जाते. काटेवाडीला परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि धनगर आपल्या मेंढ्यांचे रिंगण पालखीभोवती धावडवतात. घोड्यांचे रिंगण पुष्कळांनी पाहिले असेल. मेंढ्यांचे रिंगण एकदा पाहा. शेकडो मेंढ्या धुळीत गोल फिरतात, मेंढपाळाची शीळ, हाळी, आणि मधे तुकोबांच्या पादुका. वारीचे नियम लिहिणाऱ्या कुणी मेंढ्या घाला असे लिहिलेले नाही. ज्याच्याजवळ जे होते ते त्याने देवापुढे आणले, आणि वारीने ते स्वीकारले.

याच्या मागे आणखी खोल एक थर असावा. दामोदर कोसंबी हे गणिती. पुण्याच्या आसपास ते पायी हिंडले, दगडाची बारीक हत्यारे वेचली, वाटेवरच्या आडबाजूच्या देव्या पाहिल्या, धनगरांशी बोलले. १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या पुस्तकात त्यांनी दाखवले की पंढरीच्या वाटा आणि मेंढपाळांच्या हंगामी भ्रमंतीच्या वाटा जागोजागी जुळतात, आणि त्याच वाटांवर अश्मयुगीन माणसाची हत्यारेही मिळतात. त्यांचे म्हणणे खरे धरले तर वारकऱ्याच्या पायाखाली मेंढपाळाची वाट आहे, आणि तिच्याखाली शिकाऱ्याची. काटेवाडीच्या मेंढ्या तेव्हा पाहुण्या राहत नाहीत.

पण वारी रंगवून सांगताना एक गोष्ट दडवू नये. इरावती कर्वे पायी वारीला गेल्या आणि 'वाटचाल' हा लेख लिहिला. एकाच दिंडीत चालणारी, एकच अभंग म्हणणारी माणसे जेवायला जातीनुसार वेगळी बसत होती, हे त्यांनी पाहिले, आणि त्या दुःखी झाल्या. भक्तीचे प्रेम आणि जातीची भिंत, दोन्ही आपण पिढ्यान्पिढ्या शिकवत आलो, त्याच आईच्या मांडीवर, त्याच ओवीबरोबर. म्हणूनच संस्कृती जपा, हे नुसते वाक्य मला अपुरे वाटते. इथून जवळ जेजुरीला खंडोबाला मुरळी सोडण्याची चाल होती. नवसासाठी अजाण मुलगी देवाला वाहायची आणि तिचे सगळे आयुष्य परस्पर ठरवून टाकायचे. त्या चालीला परंपरेचा आधार होता, गाणी होती, भंडारा होता. विठ्ठल रामजी शिंद्यांसारख्या माणसाने तिच्याविरुद्ध काम केले. १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. खंडोबा त्याने उणा झाला नाही. जागरण आजही होते. ज्या मुलीला कुणी विचारले नव्हते तिला तेवढे मोकळे होता आले.

पाण्याबद्दल बोललो नाही तर हे व्याख्यान बारामती तालुक्यात दिले असे कुणी म्हणणार नाही. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि या तालुक्याचे दोन तालुके झाले, एक बागायत आणि एक जिरायत. कालव्याखाली ऊस आला, उसामागून गूळ, मग कारखाने : माळेगाव, सोमेश्वर, इंदापूरकडे भवानीनगर आणि वालचंदनगर. त्याबरोबर लग्नाचा हंगाम, घराची बांधणी, जेवणातले धान्य, सोयरिकीचे हिशेब, निवडणुकीचे बळ, सगळे वेगळे झाले. मोरगाव-सुपे कोरडे राहिले. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, बाजरी, ज्वारी, मेंढरे, आणि सुप्याच्या माळावर चिंकारा. कालव्याच्या अलीकडे आणि पलीकडे बोली तीच, देव तेच, पाडव्याची गुढी तीच. पण जिरायती बापाने बागायतीत मुलगी द्यायची धडपड का केली, हे या सभागृहातल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्याने ग्रंथ वाचावेतच, पण पाटाचे पाणी कुठवर गेले तेही पाहावे.

आणि आता जाते. माझ्या दृष्टीने आजच्या विषयाचे मर्म इथे आहे.

शेकडो वर्षे या मुलखातली बाई पहाटे उठली, जात्याला बसली आणि गायली. भावाबद्दल, माहेराच्या वाटेबद्दल, विठ्ठलाबद्दल, लेकीच्या जन्माबद्दल, सासूच्या बोलण्याबद्दल. दिवसभर जे बोलता येत नव्हते ते तिथे बोलता येत होते, कारण दगडाच्या घरघरीत ते फक्त जोडीच्या बाईला ऐकू जाई. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी १९८० च्या दशकापासून पुणे जिल्ह्यात आणि बाहेर गावोगाव फिरून या ओव्या जमवल्या. एक लाखाहून अधिक ओव्या लिहिल्या गेल्या. जगात बायकांनी रचलेल्या काव्याचा इतका मोठा साठा एका भाषेत क्वचितच असेल, आणि त्यातल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते.

मग गिरणी आली. जाते परसात गेले, काही ठिकाणी पायरीला लागले. ओवी थांबली. अनेकजण हे सांगताना हळहळतात. मी त्यांना विचारतो, पहाटे तीनला उठून पायली-पायली दळायला तुमच्यापैकी कोण तयार आहे? ज्या बाईने आयुष्यभर दळले तिने गिरणीचे स्वागत केले, आणि तिचे बरोबर होते. खांदे तिचे दुखत होते. तिच्या कष्टातून आलेले गाणे हवे म्हणून तिच्या नातीला कष्टात ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. ओवी कामाला बांधलेली होती. काम गेले तेव्हा तिची जागा गेली, हे सरळ आहे.

पण एक गोष्ट सरळ नाही. जात्यावर ती दोन गोष्टी शिकत होती, दळणे आणि आपले दुःख नेमक्या शब्दांत मांडणे. पहिली गोष्ट गिरणीने घेतली. दुसरी कुणी घेतली? आज बारामतीच्या एमआयडीसीत जाणारी, चाकणला खोली करून राहणारी, घरातून पळून न जाता हट्टाने शिकणारी या गावची मुलगी तिच्या मनातले कुठे बोलते? मोबाइलवर बोलत असेल. तिथेही नवे काही घडत असेल, आणि आपण वडीलधाऱ्यांनी ते ऐकलेले नाही एवढेच. मी ते तुच्छ मानणार नाही. मात्र आजी आणि नात यांच्यामधले शिकवणे तुटले तर आजीने कमावलेली भाषा नातीला मिळत नाही, आणि तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. हातकुऱ्हाडीच्या त्या दहा लाख वर्षांत हेच होत असावे : कुणाला तरी काही सुचत होते आणि त्याच्याबरोबर नाहीसे होत होते. वस्तू बदलली, सण बदलला, यात्रेचा क्रम बदलला, तर मी घाबरत नाही. दोन पिढ्यांमधले बोलणे बंद झाले की मला भीती वाटते.

म्हणून या गावाकडे माझी मागणी आहे, आणि ती हायस्कूलच्या शिक्षकांपुढे मी आताच ठेवतो. या पंचक्रोशीत ज्या आज्यांना ओव्या येतात त्यांच्याकडे नववी-दहावीच्या मुलींना पाठवा. मुलग्यांनाही पाठवा. मोबाइलवर आवाज घ्या, पण वहीत हाताने लिहून काढा, कारण लिहिताना अर्थ विचारावा लागतो. प्रत्येक ओवीखाली त्या बाईचे नाव तिच्या परवानगीने लिहा, तिचे माहेर लिहा, ती ओवी तिने कुणाकडून घेतली तेही लिहा. जिथे तिने स्वतः दोन शब्द बदलले असतील तिथे ते चूक म्हणून दुरुस्त करू नका. तिने ते का बदलले, हे विचारा. कऱ्हेच्या दरडीत घडवलेला दगड दिसला तर उचलून घरी नेऊ नका, तो तिथेच ठेवून त्याची जागा लिहा आणि डेक्कन कॉलेजला कळवा. जागेवरून हललेला दगड मुका होतो. आणि धनगरांच्या वाड्यांवर, म्हणजे मेंढरांसह हलणाऱ्या त्यांच्या तळांवर, जा. त्यांच्या वाटा, मुक्कामाची शेते, घाट कुठे उतरतात, मेंढरांना काय हाका मारतात, कोणत्या देवाला कुठे थांबून नारळ देतात, याचा नकाशा अजून तुमच्या आजोबांच्या पिढीच्या डोक्यात आहे.

संयोजकांनी मला पुढच्या माघी उत्सवाला पुन्हा यायला सांगितले आहे, मी येईन. तोवर जेवढे झाले असेल तेवढे मला वाचायला द्या. फक्त कामाचा क्रम नीट लावा. आज्या गावातच आहेत, त्यांच्याकडे थंडीतही जाता येईल. धनगरांकडे आधी जा. दिवाळी झाली की वाडे कोकणाकडे निघतात, आणि मग ते पावसाच्या तोंडावरच परततात.